किल्ट : डोंगरी घोंगडीपासून भोजनवेषापर्यंत

सागरपर्यटनाच्या मोठ्या जहाजांवर काही संध्याकाळी 'औपचारिक' म्हणून राखून ठेवलेल्या असतात. त्या संध्याकाळी भोजनगृहात कोणत्या वेषात यावे याविषयी प्रवाशांना आगाऊ सूचना दिलेली असते. पुरुषांना काळा डिनर जॅकेट आणि गळ्याशी बो, किंवा निदान गडद रंगाचा सूट. या नियमाला बहुतेक कंपन्या एक अपवाद ठेवतात, तो राष्ट्रीय औपचारिक पोशाखाचा. या अपवादाचा लाभ घेणाऱ्यांत स्कॉटलंडचा किल्ट सर्वांत अधिक परिचयाचा आहे. कमरेपासून गुडघ्यापर्यंत चौकटीच्या लोकरी कापडाच्या चुण्या, पुढे केसाळ कातड्याचा बटवा, पोटरीवर लोकरी मोजे, मोज्यात खोवलेली लहानशी सुरी. आणि कमरेच्या वर मात्र काळे आखूड जॅकेट, पांढरा सदरा व काळा बो. असा गृहस्थ भोजनगृहाच्या दाराशी आला तर त्यास कोणी अडवीत नाही. उलट त्याचे किंचित कौतुकच होते.

हे दृश्य इतके अंगवळणी पडले आहे की त्यातील विसंगती लक्षात येत नाही. युरोपीय शिष्टाचारात पुरुषाचे उघडे गुडघे हे एकोणिसाव्या शतकात मुलांचे, मजुरांचे किंवा 'असंस्कृत' मानलेल्या लोकांचे लक्षण समजले जाई. वेष्टनवस्त्र, म्हणजे कमरेभोवती गुंडाळावयाचे वस्त्र, तर पौर्वात्यांचे. मग विजारीशिवाय औपचारिक भोजनाला बसण्याची मुभा या एकाच पोशाखास कशी मिळाली? शिवाय हाच वेष 1746 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायद्याने गुन्हा ठरविला होता. त्या कायद्यापासून जहाजावरील भोजनगृहापर्यंतचा हा प्रवास केवळ वेषभूषेच्या इतिहासाचा विषय नाही. एखाद्या समाजाचे वस्त्र मान्यता पावते आणि त्याच वेळी तो समाज व त्याची भाषा मागे पडत जाते, हे कसे घडते याचे हे एक ठळक उदाहरण आहे.

प्रथम शब्दांकडे पाहावे. 'किल्ट' हा शब्द ज्यांचे हे वस्त्र त्यांच्या भाषेतला नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील, म्हणजे हायलँडमधील लोक गेलिक बोलत; 'किल्ट' हा शब्द मात्र स्कँडिनेव्हियन मूळचा. डॅनिशमध्ये 'किल्ट' धातूचा अर्थ वस्त्र वर उचलून खोचणे असा आहे आणि प्राचीन नॉर्समधील 'क्याल्टा' म्हणजे वस्त्राचा पुढील घोळ, त्या घोळाने होणारी मांडी. मराठी वाचकास हा अर्थ समजावून सांगण्यास परकी उदाहरण शोधावे लागत नाही. आपल्या 'ओटी' व 'ओचा' या शब्दांत नेमकी हीच कल्पना आहे, आणि क्रियापद म्हणाल तर 'खोचणे' हे आहेच. सखल प्रदेशातील स्कॉट्स बोलीत हा शब्द आरंभी क्रियापद म्हणूनच वावरत होता. बाई ओहोळ ओलांडताना घागरा 'किल्ट' करी. त्याचे नाम झाले ते अठराव्या शतकात, आणि तेही डोंगराबाहेरच्या लोकांनी डोंगरी वेषास दिलेले नाव म्हणून. एडमंड बर्ट या इंग्रज अधिकाऱ्याच्या 1754 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रांत ते 'क्वेल्ट' अशा रूपात येते. परक्याने ऐकून लिहिलेला शब्द जसा असावा तसाच हा आहे.

वस्त्र धारण करणारे त्यास 'फेले मोर' किंवा 'ब्रेकन' म्हणत. 'फेले' म्हणजे गुंडाळलेले वस्त्र, 'मोर' म्हणजे मोठे. 'ब्रेक' या विशेषणाचा अर्थ चितरा, ठिपकेदार. ट्राउट माशालाही गेलिकमध्ये हाच शब्द आहे. 'टार्टन' हा शब्द बहुधा 'तिरतेन' या फ्रेंच शब्दावरून आला. त्याने आरंभी कापडाचा पोत दर्शविला जाई, चौकटीची वीण नव्हे. 'प्लेड' म्हणजे निव्वळ घोंगडी. या चार शब्दांतून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्याला आज एक राष्ट्रीय गणवेष मानले जाते त्याला मूळच्या भाषेत गणवेषाचे नाव नव्हते. गुंडाळलेले, चितरे, घोंगडीसारखे, एवढेच वर्णन होते.

'फेले मोर' हे खरोखरच अखंड, न शिवलेले वस्त्र होते. मागाच्या अरुंदपणामुळे दोन पट्ट्या लांबीत जोडून चार-पाच वार लांबीचे कापड तयार करीत. ते जमिनीवर पसरून मध्यभागी निऱ्या घालाव्यात, त्यावर पाठ टेकून निजावे, दोन्ही पदर पुढे घेऊन कमरपट्टा आवळावा आणि उठून वरचा भाग खांद्यावर टाकावा, अशी नेसण्याची पद्धत वर्णिलेली आहे. पाऊस आला की वरचा भाग डोक्यावरून घ्यावयाचा. रात्री पट्टा सोडला की तेच पांघरूण. गुरांमागे हिंडणाऱ्या, ओलसर दलदलीतून चालणाऱ्या माणसाला विजारीपेक्षा हे सोयीचे, कारण ओली विजार पायाला चिकटून राहते, उघडा पाय लवकर सुकतो. घोंगडी व लंगोटी यांवर पावसाळा काढणाऱ्या सह्याद्रीतील धनगराला यातील सोय कोणी समजावून सांगावी लागली नसती. या नेसणीचा पहिला निःसंदिग्ध उल्लेख आयर्लंडमध्ये सापडतो. 1594 मध्ये तेथे भाड्याने लढावयास आलेल्या हेब्रिडी बेटांवरील शिपायांचे वर्णन रेड ह्यू ओडॉनेलच्या आयरिश चरित्रात आले आहे. त्यांचे पट्टे अंगरख्यावरून आवळलेले असत, यावरून ते परके म्हणून ओळखू येत असे तो चरित्रकार सांगतो.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे, कारण पुढे तो उलटा होणार आहे. डोंगरी समाजातील सरदार घोड्यावर बसताना 'ट्रूज' म्हणजे अंगालगत बेतलेली चौकटीची विजार घालीत. गुंडाळलेले वस्त्र हा प्रामुख्याने पायी चालणाऱ्या सामान्य माणसाचा वेष होता. तसेच प्रत्येक कुळाचा, म्हणजे क्लॅनचा, ठरलेला चौकटीचा नमुना ही कल्पनाही जुनी नव्हे. स्काय बेटावरील मार्टिन मार्टिन याने 1703 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात कापडाच्या विणीवरून माणूस कोणत्या भागातला हे ओळखता येते असे म्हटले आहे. कोणत्या कुळाचा हे नव्हे. मार्टिन स्वतः गेलिकभाषी होता, म्हणून त्याच्या साक्षीला वजन आहे.

घोंगडीचा वरचा भाग काढून टाकून केवळ कमरेखालचा भाग ठेवणे म्हणजे 'फेले बेग', लहान वेष्टन. याच्या उत्पत्तीविषयी एक वाद बराच गाजला. 1768 मध्ये लिहिलेल्या व 1785 मध्ये एडिंबरोच्या एका मासिकात छापलेल्या पत्रात असा दावा आहे की, लँकेशरहून आलेल्या टॉमस रॉलिन्सन या क्वेकर पंथीय लोखंड-कारखानदाराने ग्लेनगॅरी येथील भट्टीवर काम करणाऱ्या मजुरांच्या सोयीसाठी 1720 नंतरच्या दशकात हे आखूड रूप प्रचारात आणले. 1983 मध्ये ह्यू ट्रेव्हर-रोपर या इतिहासकाराने 'परंपरेची निर्मिती' या विषयावरील प्रसिद्ध निबंधसंग्रहात या पत्राचा आधार घेऊन किल्ट हा एका इंग्रज कारखानदाराचा शोध होय, असे मोठ्या मिस्किलपणे प्रतिपादन केले. या प्रतिपादनाचा आनंद इंग्रज वाचकांनी घेतला आणि स्कॉटिश वाचकांना ते झोंबले, हे स्वाभाविकच होते. परंतु पुराव्याच्या दृष्टीने पाहता हे पत्र घटनेनंतर सुमारे चाळीस वर्षांनी लिहिलेले आहे, आणि आखूड वेष्टनाची त्याआधीची चित्रेही दाखविण्यात आली आहेत. रॉलिन्सनने काही मजुरांना तो वेष दिला असेल. त्याने तो निर्माण केला असे म्हणणे जड जाते. मात्र ट्रेव्हर-रोपरच्या लेखातील दुसरे निरीक्षण, म्हणजे आज दिसणारा औपचारिक हायलँड वेष हा मुख्यतः एकोणिसाव्या शतकाची रचना आहे, हे टिकणारे आहे. त्याचा उपहास बाजूला ठेवून हा मुद्दा घ्यावयास हवा.

16 एप्रिल 1746 रोजी कलॉडनच्या माळावर चार्ल्स एडवर्ड स्ट्यूअर्टचे सैन्य पराभूत झाले आणि लंडनच्या सरकारने डोंगराळ प्रदेशाचे सामाजिक संघटन मोडून काढण्याचे ठरविले. सरदारांचे न्यायाधिकार रद्द झाले, शस्त्रे काढून घेण्यात आली, आणि त्याच धोरणाचा भाग म्हणून पुरुषांच्या व मुलग्यांच्या वेषावर बंदी आली. कायद्याच्या शब्दांत 'प्लेड', 'फिलिबेग किंवा लहान किल्ट', 'ट्रूज' व खांद्याचे पट्टे यांची नावानिशी यादी आहे. हे शब्द त्या वेळी किती रूढ होते याचा यापेक्षा भक्कम पुरावा मिळणे कठीण. पहिल्या अपराधास जामिनाविना सहा महिने तुरुंगवास, दुसऱ्यास सात वर्षे समुद्रापार वसाहतीत रवानगी. डोंगरी वेष आणि जहाज यांची गाठ प्रथम पडली ती अशी, शिक्षेच्या कलमात. कलॉडननंतर शेकडो कैदी वेस्ट इंडीज व अमेरिकेतील वसाहतींत प्रत्यक्ष पाठविले गेले होतेच.

या बंदीचा अनुभव गेलिक काव्यात उमटला आहे. डंकन बान मॅकिंटायर हा कवी 1746 मध्ये सरकारच्या बाजूने लढला होता. तरीही वेषबंदी आल्यावर त्याने विजारीची निर्भर्त्सना करणारे गीत रचले. ज्यांनी राजाशी इमान राखले त्यांचेही पाय विजारीत कोंबण्यात आले, हे त्याचे दुःख होते. 1782 मध्ये बंदी उठल्यावर त्यानेच आनंदाचे गीत रचले. मधली सुमारे पस्तीस वर्षे म्हणजे एक पिढी होय. 1773 मध्ये सॅम्युएल जॉन्सनने त्या प्रदेशात प्रवास केला तेव्हा संपूर्ण जुना वेष त्याला क्वचितच आढळला. कापड विणणारी, निऱ्या घालून नेसणारी माणसे म्हातारी झाली होती. बंदी उठविली म्हणजे वस्त्र परत येतेच असे नाही.

परत आले ते दुसऱ्या वाटेने. 1746 च्या कायद्यात एक अपवाद होता, राजाच्या सैन्यातील अधिकारी व शिपाई यांचा. 1739 मध्ये उभारलेल्या व पुढे 'ब्लॅक वॉच' या नावाने प्रसिद्ध झालेल्या पलटणीचा गणवेष डोंगरीच होता, आणि नंतर उभारलेल्या हायलँड पलटणींनी तोच कित्ता गिरविला. म्हणजे घरी जे वस्त्र नेसल्याबद्दल तुरुंग, तेच वस्त्र राजाच्या नोकरीत मोफत. तरुणांनी कोणता मार्ग धरला असेल ते सांगावयास नको. पलटणीत गेल्यावर वस्त्राचे स्वरूपही पालटले. अखंड घोंगडीच्या जागी शिवलेल्या चुण्या आल्या. प्रत्येक शिपायाच्या चुण्या सारख्या, चौकट सारखी. ज्यात 'एकसारखेपणा' हा गुणच नव्हता त्या वस्त्राला तो गुण सैन्याने दिला.

या पलटणी हिंदुस्थानात लवकरच येऊन पोहोचल्या. 1780 च्या आरंभी लॉर्ड मॅक्लाउडची 73 वी हायलँड पलटण मद्रासेस उतरली. हा मॅक्लाउड 1745 च्या बंडात स्वतः राजाविरुद्ध लढलेला होता. 23 सप्टेंबर 1803 रोजी असई येथे, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, वेलस्लीच्या सैन्यातील 74 वी व 78 वी या दोन पलटणी शिंदे व भोसले यांच्या फौजेसमोर उभ्या होत्या, आणि 74 व्या पलटणीची त्यात फार हानी झाली. सहा वर्षांनी, 1809 मध्ये, याच 74 व्या पलटणीसह सहा हायलँड पलटणींना डोंगरी वेष सोडण्याचा हुकूम झाला. त्याचे कारण शिस्त नव्हे, राजनिष्ठाही नव्हे. डोंगराळ भागातून पुरेसे शिपाई मिळेनासे झाले होते आणि इंग्रज तरुण उघड्या गुडघ्यांनी भरती व्हावयास तयार नव्हते. डोंगरांत माणसे का उरली नव्हती याचे उत्तर त्या वेळच्या जमीनव्यवस्थेत आहे, आणि तिकडे वळणे आवश्यक आहे.

कुळाचा सरदार हा पूर्वी आपल्या माणसांचा पालक समजला जाई. किती भाले त्याच्या शब्दावर उभे राहतात यावर त्याची प्रतिष्ठा ठरे. कलॉडननंतर भाल्यांचा उपयोग संपला आणि तो केवळ जमीनमालक उरला. मेंढ्यांपासून मिळणारा खंड माणसांपासून मिळणाऱ्या खंडापेक्षा अधिक होता. त्यामुळे दऱ्याच्या दऱ्या रिकाम्या करण्यात आल्या. सदरलंडमधील स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातून 1814 व 1819 मध्ये घरे पेटवून कुळे हुसकली गेली. त्याआधीपासूनच जहाजे भरून लोक बाहेर पडत होते. 1773 मध्ये 'हेक्टर' हे जहाज सुमारे 200 माणसे घेऊन नोव्हा स्कोशियातील पिक्टूस गेले, तेव्हा तर वेषबंदी अजून अमलात होती.

आणि नेमक्या याच काळात डोंगरी वेष राजधानीच्या दिवाणखान्यात शिरला. 1778 मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या हायलँड सोसायटीच्या खटपटीने 1782 मध्ये बंदी रद्द झाली होती. 1820 मध्ये एडिंबरोत सेल्टिक सोसायटी निघाली, तिचे अनेक सभासद सखल प्रदेशातील वकील व गृहस्थ होते. ऑगस्ट 1822 मध्ये चौथा जॉर्ज राजा एडिंबरोस आला. या भेटीचे सूत्रधार सर वॉल्टर स्कॉट. नागरिकांनी कसे वागावे, काय ल्यावे याची एक सूचनापुस्तिकाच त्यांनी सिद्ध केली होती. राजाच्या सन्मानार्थ योजलेल्या नृत्यसमारंभास जे गणवेषात येणार नाहीत त्यांनी प्राचीन हायलँड वेषातच यावे, असा दंडक घालण्यात आला. किल्टच्या पुढील इतिहासात राजाच्या वेषापेक्षा या दंडकाचे महत्त्व अधिक आहे. एरव्ही उजेडात, चिखलात, पावसात वावरणारे वस्त्र येथे प्रथम मेणबत्त्यांच्या प्रकाशातील सायंवेष म्हणून आवश्यक ठरले.

राजानेही 17 ऑगस्टच्या होलिरूड येथील दरबारात डोंगरी वेष परिधान केला. त्याच्या एकूण साजाची किंमत 1,354 पौंड 18 शिलिंग झाली होती, आणि उघड्या पायांची अडचण त्याने त्वचेच्या रंगाची तंग विजार घालून सोडविली. या प्रसंगाची चेष्टा त्याच वेळी झाली आणि नंतरही होत राहिली. स्कॉटच्या जावयाने, लॉकहार्टने, यास एक प्रकारचा भ्रम म्हटले. ग्लेनगॅरीच्या मॅकडॉनेल सरदाराने सखल भागातील वकिलांनी आपल्या पूर्वजांचा वेष पांघरल्याबद्दल संताप व्यक्त केला. त्याच्या संतापाला अधिक मान देता आला असता. परंतु आपल्या जमिनीवरून कुळे हुसकण्यात हा सरदारही मागे नव्हता. वेषाचा अभिमान आणि वेष धारण करणाऱ्यांविषयीची बेपर्वाई एकाच माणसात सुखाने नांदत होती.

व्यापाऱ्यांना या उत्साहाने अर्थातच बरकत आली. बॅनकबर्नच्या विल्सन यांच्या कारखान्यात चौकटीच्या अनेक नमुन्यांना आरंभी केवळ क्रमांक असत. पुढे त्यांस कुळांची नावे जोडली गेली. 1842 मध्ये सोबिएस्की स्ट्यूअर्ट म्हणवून घेणाऱ्या दोन भावांनी कुळांच्या चौकटींचे एक जुने हस्तलिखित म्हणून जो ग्रंथ छापला तो बनावट होता. तरी त्यातील कित्येक नमुने आज संबंधित घराण्यांचे म्हणून मान्य आहेत. 1852 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाने बॅल्मॉरल विकत घेतले आणि राजघराण्याच्या वार्षिक मुक्कामाने या वेषावर प्रतिष्ठेचे शिक्कामोर्तब झाले.

आता या सायंवेषाची शब्दसंपत्ती तपासावी, कारण तिच्यात हा सारा इतिहास थरांनी साठलेला आहे. कमरेखालच्या वस्तूंची नावे मुख्यतः गेलिक आहेत. 'स्पोरन' म्हणजे बटवा, आपल्याकडील कमरेच्या कशासारखा; हा शब्द लॅटिन 'बुर्सा'पर्यंत मागे जातो, म्हणजे आपण वापरतो त्या 'पर्स'चा हा चुलतभाऊ. 'स्कीअन दू' म्हणजे काळी सुरी. पायांत 'गिली ब्रोग'. 'ब्रोग' म्हणजे साधा जोडा, डोंगरी माणसाच्या जोड्याला पाणी निघून जाण्यासाठी भोके असत. आणि 'गिली' म्हणजे पोरगा, चाकर. कमरेच्या वर मात्र भाषा पालटते. 'कोटी', 'डब्लेट', गळ्याशी लेसचा 'झाबो' हे सर्व शब्द फ्रेंच व इंग्रजी शिष्टवर्गाचे. 'प्रिन्स चार्ली' नावाने ओळखले जाणारे आखूड जॅकेट तर त्या राजपुत्राच्या स्वप्नातही नसेल. तो 1788 मध्ये वारला आणि हे जॅकेट विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, लष्करी आखूड कोटाच्या धर्तीवर, रूढ झाले. म्हणजे पोशाखाचा वरचा अर्धा भाग टेबलाच्या वर दिसतो तो सर्वस्वी युरोपीय भोजनवेष आहे. 1865 मध्ये लंडनच्या हेन्री पूल या शिंप्याने युवराजासाठी बेतलेल्या आखूड कोटापासून सुरू झालेल्या परंपरेशी तो जुळवून घेतो. डोंगर राहतो तो टेबलाच्या खाली. जेवणास बसलेल्या पंक्तीत किल्टधारी इतरांहून वेगळा दिसतच नाही. तो उठून नाचावयास गेला म्हणजे दिसतो. या पोशाखाला भोजनगृहाचे दार उघडण्याचे एक कारण या तडजोडीत आहे. जोड्यांविषयी एवढेच म्हणता येईल की चाकराच्या नावाचा जोडा आता मालक घालतो आणि ताट वाढणारा चाकर विजारीत असतो.

दुसरे कारण अधिक उघड आहे. हा वेष घालणारे साम्राज्यात राज्यकर्त्यांच्या बाजूस होते. व्यापार, सैन्य, धर्मप्रचार, वैद्यक आणि विशेषतः जहाजवाहतूक यांत स्कॉट लोकांचे प्रमाण मोठे होते. पी. अँड ओ. कंपनीचा एक संस्थापक आर्थर अँडरसन शेटलंडचा. ब्रिटिश इंडिया कंपनीचा विल्यम मॅकिनन कँबेलटाउनचा. जहाजे बांधली जात ती बहुतांशी क्लाइड नदीच्या काठी. कलकत्ता व मुंबई येथे 30 नोव्हेंबरला सेंट अँड्रूच्या दिवशी होणाऱ्या भोजनांत किल्ट हा सन्मान्य वेष होता. घरी ज्याने तो कधी नेसला नसता असा सखल भागातला व्यापारी परदेशी गेल्यावर तो आवर्जून शिवून घेई. परदेशात माणसाला आपण कोण हे इतरांस दाखवावे लागते, आणि गेलिक भाषा त्याला येत नव्हती. वस्त्र शिंप्याकडून मिळते, भाषा मिळत नाही.

जहाजावरील प्रवासात हे प्रदर्शन आणखी सोयीचे झाले. पहिल्या वर्गाच्या प्रवाशांनी रोज सायंभोजनासाठी वेष करावा, मात्र पहिल्या व शेवटच्या रात्री सामान बांधलेले असते म्हणून त्या रात्री तो नियम नाही, असा संकेत होता. तोच आजच्या पर्यटन-जहाजांच्या औपचारिक संध्याकाळींत अवशेषरूपाने उरला आहे. पी. अँड ओ.च्या बोटींवर या भोजनगृहांत वाढणारे बहुधा गोव्याचे ख्रिस्ती असत, आणि डेकवरच्या खलाशांत रत्नागिरीकडील अनेक. त्यांच्या धोतर-लुंग्या पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात वेष म्हणून येण्याचा प्रश्नच नव्हता. 29 ऑगस्ट 1931 रोजी गांधीजी मुंबईहून 'राजपुताना' बोटीने गोलमेज परिषदेस निघाले ते दुसऱ्या वर्गाने, आणि आपल्या नेहमीच्या आखूड पंचात. ती बोट 1925 मध्ये क्लाइडकाठी ग्रीनॉक येथे बांधलेली होती. गुडघे उघडे ठेवणारे न शिवलेले वस्त्र म्हणून पाहिले तर गांधीजींचा पंचा हा जुन्या 'फेले मोर'चा जवळचा नातलग ठरतो. परंतु त्या वर्षी लंडनमध्ये चर्चा झाली ती पंचाची, किल्टची नव्हे.

हा भेद साम्राज्याबरोबर संपला असे मानण्याचे कारण नाही. 2014 मध्ये चेन्नईतील एका क्लबाच्या दारावर उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे धोतर, नेसल्यामुळे अडविण्यात आले. त्यावर तमिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी वेषावरून प्रवेश नाकारण्यास बंदी करणारा कायदा केला. वेष्टी ही न शिवलेली, मूळच्या नेसणीशी प्रामाणिक राहिलेली; तिने वर काळे जॅकेट चढवून घेतलेले नाही. किल्टने केलेली तडजोड तिने केली नाही म्हणून तिला कायद्याची गरज पडली, असे म्हणता येईल.

कायद्याचा विषय निघाला तेव्हा मोज्यातील सुरीचाही उल्लेख करावयास हवा. इंग्लंड व वेल्ससाठी 1988 मध्ये आणि स्कॉटलंडसाठी 1995 मध्ये झालेल्या कायद्यांनुसार सार्वजनिक जागी धारदार शस्त्र बाळगणे हा गुन्हा आहे. परंतु धर्माचा किंवा राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ते बाळगले असेल तर तो बचाव मान्य होतो. शिखांचे कृपाण आणि डोंगरी माणसाची 'स्कीअन दू' या एकाच कलमाच्या आश्रयास आहेत. 1746 च्या कायद्याने शस्त्र आणि वेष एकत्र बांधून दोन्ही काढून घेतली. अडीचशे वर्षांनी वेषामुळे शस्त्रास सूट मिळाली. मात्र ही सुरी विमानाच्या हातसामानात नेता येत नाही. त्यामुळे केवळ मूठ असलेल्या, पाते नसलेल्या सुऱ्याही दुकानांत मिळतात. मोज्यातून वर दिसते ती मूठच, तेव्हा पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

भाषेची गोष्ट याहून वेगळी झाली. अठराव्या शतकाच्या आरंभापासून धर्मप्रसारक संस्थेच्या शाळांनी गेलिक मागे सारण्याचे धोरण ठेवले होते, आणि 1872 च्या शिक्षणकायद्यात तिची दखलच घेतली गेली नाही. तिच्यासाठी राजाने कधी नृत्यसमारंभ भरविला नाही, की एखाद्या पलटणीने अपवाद ठेवला नाही. ती अधिकृतपणे मान्य झाली 2005 च्या कायद्याने, वेषबंदी उठल्यानंतर 223 वर्षांनी. 2011 च्या जनगणनेत ती बोलू शकणाऱ्यांची संख्या सुमारे 57 हजार भरली. भाड्याने किल्ट देणाऱ्या दुकानांतून लग्नासाठी वा सागरप्रवासासाठी तो घेऊन जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना गेलिकमधील जे तीन-चार शब्द ठाऊक असतात ते पावतीवर छापलेले असतात : स्पोरन, स्कीअन दू, गिली ब्रोग.